गाडी नेमकी केव्हा थरथरते? ब्रेक, चाक आणि वेग यांचा हिशेब

गाडी ठरावीक वेगाला पोहोचली की स्टीअरिंग हातात थरथरू लागते, किंवा ब्रेक दाबताच पायाखालचे पेडल धडधडते आणि पुढचा सगळा भाग हादरतो, ही तक्रार बहुतेक वाहनचालकांच्या वाट्याला कधी ना कधी येते. तिच्यावर उपायही भरपूर होतात. चाकांचे बॅलन्सिंग (वजन सर्व बाजूंना समान करणे) होते, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) होते, ब्रेक पॅड बदलले जातात, मग हे पॅड ज्यांना चिमटतात त्या डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या, बदलल्या जातात, आणि एवढे होऊनही थरथर तशीच राहते किंवा काही महिन्यांनी परत येते. असे होण्याचे मुख्य कारण माझ्या मते एकच आहे: सुटे भाग आधी बदलले जातात आणि थरथर नेमकी केव्हा येते हे नंतर विचारले जाते, किंवा विचारलेच जात नाही. गाडीतील प्रत्येक फिरणाऱ्या भागाची स्वतःची लय असते, आणि थरथर कोणत्या लयीशी बांधलेली आहे हे एकदा ओळखता आले की संशयितांची लांबलचक यादी दोन-तीन नावांवर येते.

थरथर जन्माला कशी येते

लहान मोटारीच्या चाकाचा परीघ साधारण १.९५ मीटर धरला, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाताना ते चाक दर सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारते. या चाकाच्या रिमच्या, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या भागाच्या, कडेला एका बाजूला फक्त ३० ग्रॅम वजन जास्त असले, तरी त्या वेगाला ते जास्तीचे वजन चाकाला सुमारे साडेचार किलो भाराएवढ्या बळाने बाहेर खेचते, आणि या खेचीची दिशा चाकाबरोबर सतत फिरत राहते. म्हणजे चाकाच्या आसाला सेकंदातून १४ वेळा वर-खाली आणि पुढे-मागे झटका बसतो. हे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला की बळ चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणूनच शहरातल्या रहदारीत कधीही न जाणवणारा दोष मोकळ्या रस्त्यावर अचानक प्रकट होतो.

मात्र अनेकांचा अनुभव याहून थोडा वेगळा असतो. थरथर ताशी ८० किलोमीटरला सुरू होते, ९५ च्या आसपास कळस गाठते आणि ११० च्या पुढे कमी होते. बळ जर वेगाबरोबर वाढतच जाते, तर थरथर कमी का व्हावी? याचे उत्तर अनुनाद या गुणधर्मात आहे. प्रत्येक लवचीक रचनेला स्वतःच्या गतीने डोलणे आवडते, आणि बाहेरचे धक्के नेमके त्याच गतीने बसू लागले की डोलणे कित्येक पटींनी वाढते. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला बोटाचा हलका धक्काही त्याला उंच नेतो आणि अवेळी दिलेला मोठा धक्का वाया जातो, तसेच हे आहे. स्प्रिंगच्या खाली लटकलेले चाक, हब (चाक ज्यावर बसते तो मधला भाग) आणि त्यांना धरणारे दांडे यांची स्वतःची गती बहुतेक मोटारींत सेकंदाला १० ते १५ आंदोलनांच्या दरम्यान असते, आणि वरच्या हिशेबाने चाकाच्या एवढ्या फेऱ्या ताशी ७० ते १०५ किलोमीटरच्या पट्ट्यात होतात. ठरावीक वेगालाच येणारी थरथर म्हणूनच चाकाच्या फिरण्याशी बांधलेल्या दोषाची मोठी खूण आहे. पुढे वेग वाढवल्यावर ती कमी झाली म्हणजे दोष नाहीसा झाला, असा अर्थ कोणी काढू नये. त्या वेगाला तर झटक्यांचे बळ आणखी वाढलेले असते, फक्त ते हातापर्यंत कमी पोहोचते.

आधी निरीक्षण, मग पाना

सरळ, सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर काही किलोमीटर गाडी लक्षपूर्वक चालवली तर अर्धे निदान तिथेच होते. पहिला प्रश्न असा की थरथर ब्रेक दाबल्याशिवाय येते का. ब्रेकला पाय न लावताही येत असेल, तर डिस्क आणि पॅड बहुतांशी संशयाबाहेर जातात. याला अपवाद एकच, पॅडांना धरणारे कॅलिपर अडकून पॅड डिस्कला सतत घासत राहण्याचा, आणि त्याच्याबरोबर सहसा त्या एका चाकाची उष्णता, जळका वास किंवा गाडीचे एका बाजूला ओढले जाणेही असते.

दुसरा प्रश्न इंजिनाचा. ताशी ८० किलोमीटरला पाचव्या गिअरमध्ये थरथर येत असेल, तर तोच वेग ठेवून चौथा गिअर टाकावा. चाकांच्या फेऱ्या तितक्याच राहतात, इंजिनाच्या मात्र वाढतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर दोष चाक, टायर, हब किंवा त्यांच्या जवळच्या भागांत आहे. ती बदलली किंवा गेली तर इंजिन, त्याचे माउंटिंग (इंजिनाला धरणारे रबरी आधार) किंवा क्लचकडे पाहावे. ही चाचणी फुकट आहे, मिनिटभरात होते, आणि तरीही फार थोडे लोक ती करतात याचे मला नेहमी वाईट वाटते.

तिसरा प्रश्न ॲक्सिलरेटरचा. जोर देताना गाडी डावी-उजवीकडे लटपटते आणि पाय काढताच शांत होते, तर पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या, आतल्या बाजूचा सांधा झिजलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते. बाहेरच्या बाजूचा सांधा झिजला की तो थरथरीपेक्षा पूर्ण वळण घेताना येणाऱ्या कटकट आवाजाने ओळखू येतो. दोन्हींच्या बाबतीत सांध्यावरचा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर आले आहे का, हे आधी पाहावे. मागची चाके ढकलणाऱ्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे जाणारा लांब दांडा, चाकापेक्षा साधारण साडेतीन ते साडेचार पट वेगाने फिरतो, त्यामुळे त्याच्या क्रॉसमधील (सांध्यातील) किंवा संतुलनातील दोष हादऱ्यासारखा न जाणवता जमिनीतून येणाऱ्या बारीक गुणगुणीसारखा जाणवतो.

स्टीअरिंग हलत असेल तर पुढची चाके, आणि सीट किंवा गाडीचा तळ हलत असेल तर मागची चाके, हा आडाखा उपयोगी आहे, पण त्याला नियम मानू नये. दोष मोठा असला तर तो दोन्हीकडे पोहोचतो.

"बॅलन्सिंग तर केले, तरी थरथर का?"

ब्रेक न दाबता, वेगाशी बांधलेली थरथर असेल तर बॅलन्सिंगपासून सुरुवात करणे योग्यच आहे. रिमवरचे एखादे वजन गळून पडलेले असते, किंवा रिमच्या आतल्या बाजूला चिखल वाळून चिकटलेला असतो, आणि तो धुऊन काढताच गाडी पूर्ववत होते. अडचण त्यानंतर येते, जेव्हा यंत्र शून्य दाखवते आणि गाडी तरीही थरथरते.

यंत्राचे शून्य म्हणजे वस्तुमान सर्व बाजूंना समान वाटले गेले आहे, एवढेच. चाक गोल आहे की नाही, हे त्या शून्यातून कळत नाही. खड्ड्यात आपटून किंचित चेपलेली रिम किंवा एका जागी जास्त ताठर असलेला टायर वजने लावून संतुलित करता येतो, पण रस्त्यावर भार घेऊन फिरताना तो आसाला प्रत्येक फेरीत वर उचलतोच. म्हणून बॅलन्सिंग करताना चाक फिरत असतानाच त्याच्या कडेकडे नजर लावून पाहावे. रिमची कड किंवा टायरचा पृष्ठभाग एक मिलिमीटरहून जास्त वर-खाली होताना दिसला, तर वजने लावत बसण्यात अर्थ नाही. काही ठिकाणी टायरवर रोलर दाबून, म्हणजे भाराखाली, त्याचा ताठरपणा मोजणारे यंत्र असते. वारंवार बॅलन्सिंग करूनही उपयोग न झालेल्या गाडीसाठी ते शोधण्याचा त्रास घेण्याजोगा आहे.

दुसरी शक्यता चाक यंत्रावर किंवा गाडीवर मध्यभागी न बसण्याची. यंत्राच्या शंकूवर चाक बसवताना मधल्या भोकाच्या कडेला गंज किंवा माती राहिली, तर यंत्र चुकीच्या केंद्राभोवती मोजमाप करते आणि ते मोजमाप प्रामाणिकपणे शून्यावर आणते. बाहेरून घेतलेल्या अलॉय व्हीलमध्ये मधले भोक हबपेक्षा मोठे असू शकते. त्या फटीत बसणारी कडी वगळली तर चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यभागी येते, आणि अनेकदा येत नाही.

संशयित चाक ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे पुढची दोन चाके मागे आणि मागची पुढे लावून पाहणे. थरथर स्टीअरिंगमधून निघून सीटखाली गेली तर दोष चाकात किंवा टायरमध्ये आहे. ती जागची हलली नाही तर हब, बेअरिंग, शाफ्ट किंवा सस्पेन्शनकडे वळावे.

अलाइनमेंटबद्दलही इथेच सांगायला हवे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून किंवा बाहेरून खाल्ले जातात, सरळ जाताना स्टीअरिंग तिरपे राहते. थरथर हे त्याचे थेट लक्षण नाही. बिघडलेल्या कोनांवर दीर्घकाळ गाडी चालवल्याने टायर असमान झिजला तर तो पुढे आवाज आणि कंप देऊ शकतो, पण तेव्हा अलाइनमेंट दुरुस्त केल्याने झिजलेला टायर गोल होत नाही. थरथरीच्या तक्रारीवर केवळ अलाइनमेंट करून दिले जात असेल, तर मालकाने कारण विचारण्यात काही गैर नाही.

बरेच दिवस एका जागी उभ्या राहिलेल्या गाडीच्या टायरांना खालच्या बाजूला सपाटपणा येतो आणि सुरुवातीला गाडी धडधडते. टायर गरम झाल्यावर, साधारण अर्ध्या तासात, तो बहुधा भरून निघतो. करकचून ब्रेक लावून चाक घसरल्यामुळे पडलेला सपाट डाग मात्र रबर झिजून गेल्याचा असतो, आणि तो कायमचा.

ब्रेक दाबल्यावरच हादरणारी गाडी

ब्रेक दाबल्यावरच थरथर येत असेल तर "डिस्क वाकली" हे निदान झटपट ऐकायला मिळते. प्रत्यक्षात उष्णतेने डिस्क ताटासारखी वाकलेली असणे हे कारण बरेच कमी वेळा सापडते. डिस्कची जाडी सर्वत्र सारखी न राहणे, हे खरे कारण असते.

हे समजण्यासाठी ब्रेकची रचना डोळ्यांसमोर आणावी. चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी दोन पॅड चिमटतात आणि त्यांना धरणारे कॅलिपर बहुतेक गाड्यांत दोन पिनांवर आडवे सरकू शकते. डिस्क फिरताना आडवी किंचित डोलत असेल, तर कॅलिपर तिच्याबरोबर सरकून ते डोलणे बरेचसे पचवते. पण डिस्कची जाडीच एका जागी जास्त असली तर त्याला पळवाट नसते. जाड भाग पॅडांमध्ये शिरला की पिस्टन मागे ढकलला जातो, ब्रेक ऑइल मागे रेटले जाते आणि पायाखालचे पेडल उचलते; त्याच क्षणी पकड वाढते आणि चाकाला मागे झटका बसतो. पातळ भाग आला की पकड सैल होते. प्रत्येक फेरीला घडणारी ही घट्ट-सैल हालचाल स्टीअरिंगच्या दांड्यांतून हातापर्यंत येते. जाडीतला फरक ०.०१५ ते ०.०२ मिलिमीटर एवढा सूक्ष्म असला तरी तो चालकाला जाणवू शकतो. डोळ्याने पाहून किंवा डिस्कवर हात फिरवून असा फरक कळणे अशक्य आहे, त्यासाठी मायक्रोमीटरने डिस्कच्या परिघावर आठेक ठिकाणी जाडी मोजावी लागते.

वेगाचा खेळ इथेही चालतोच. ताशी ११० वरून ब्रेक दाबला तर वेग उतरत असताना चाकाच्या फेऱ्या त्या १० ते १५ च्या पट्ट्यातून जातात, तिथे हादरा सर्वांत मोठा होतो आणि पुढे तो विरत जातो. त्यामुळे कमी वेगाने घेतलेल्या गॅरेजमधल्या चाचणीत दोष सापडत नाही, आणि मालकाची तक्रार खोटी ठरवली जाते.

"नवी डिस्क बसवली, चार महिने ठीक होते, मग पुन्हा तेच"

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या उत्तरात या दोषाचे मूळ आहे. जाडीतला फरक डिस्क जन्मतः घेऊन येत नाही. तो हळूहळू तयार होतो. जुनी डिस्क काढल्यावर हबच्या सपाट पृष्ठभागावर गंजाचे पापुद्रे राहतात. त्यातला एखादा ०.०५ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा नव्या डिस्कखाली दबला की डिस्क तिरपी बसते, आणि हबपेक्षा डिस्कचा घेर मोठा असल्याने बाहेरच्या कडेला तो तिरपेपणा जवळपास दुप्पट, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या घरात होतो. अनेक गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये या डोलण्याची कमाल मर्यादाच ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास दिलेली असते.

पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही, कारण जाडी सारखी आहे आणि डोलणे कॅलिपर पचवते. पण ब्रेक दाबलेला नसतानाही डिस्कचा डोलणारा भाग प्रत्येक फेरीत पॅडला निसटता स्पर्श करत राहतो. हजारो किलोमीटर चाललेल्या या स्पर्शाने तो भाग कणाकणाने झिजतो किंवा त्यावर पॅडच्या पदार्थाचा थर चढतो, आणि जाडीतला फरक तयार होतो. मग नव्या डिस्कला, पॅडच्या दर्जाला किंवा चालकाच्या पायाला दोष दिला जातो, आणि पुढची डिस्कही त्याच गंजावर बसते.

उपाय कंटाळवाणा असला तरी साधा आहे. हबचा पृष्ठभाग, विशेषतः बोल्टांच्या मुळाशी, तारेच्या ब्रशने धातू चकाकेपर्यंत साफ करावा, डिस्क बसवून सर्व नट लावून घट्ट करावेत, आणि डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) लावून डोलणे मोजावे. ते जास्त आढळले तर डिस्क हबवर एक-दोन बोल्ट पुढे फिरवून बसवावी. हबचा आणि डिस्कचा बारीक तिरपेपणा परस्परांना छेद देतो आणि आकडा कमी होऊ शकतो. कशानेही तो उतरला नाही तर हब किंवा बेअरिंग तपासणे क्रमप्राप्त आहे. चाकाचे नटही येथे महत्त्वाचे ठरतात. हवेच्या गनने एक नट वाजवीपेक्षा जास्त आणि दुसरा कमी आवळला तर डिस्क चाक आणि हब यांच्यामध्ये असमान दाबली जाते. नट समोरासमोरच्या क्रमाने आणि गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या बळाने, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक बळाने आवळणाऱ्या पान्यानेच आवळावेत.

दुसरे मूळ उष्णतेत आहे, आणि त्यात चालकाचा वाटा असतो. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला, किंवा मोठ्या वेगावरून जोरात थांबून तापलेल्या डिस्कवर पॅड तसेच दाबून धरले, तर त्या जागी पॅडचा थर असमान उमटतो. काही वेळा अतितापलेल्या जागी बिडाची अंतर्रचनाच बदलून कठीण डाग पडतात. ते इतर पृष्ठभागापेक्षा सावकाश झिजतात, त्यामुळे उंच राहतात आणि पुन्हा जास्त तापतात. उतारावर खालचा गिअर वापरणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लेथवर घासून घेतलेली डिस्क चालते का?

चालते, दोन अटींवर. घासल्यानंतरची जाडी डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा जास्त हवी, आणि दोष पृष्ठभागापुरता हवा. कठीण डाग खोलवर गेलेले असतील तर घासलेली डिस्क थोड्याच दिवसांत पुन्हा हादरते. गाडीवर बसवलेल्या अवस्थेतच डिस्क घासणारे लेथ मिळाले तर ते अधिक चांगले, कारण त्यात हबच्या तिरपेपणासकट हिशेब होतो.

मागचे ड्रम आणि एबीएस

मागे ड्रम ब्रेक (डिस्कऐवजी गोल डब्याला आतून पकडणारे) असतील आणि पेडल धडधडत असताना स्टीअरिंग मात्र स्थिर असेल, तर ड्रम गोल राहिलेले नसावेत. रस्ता पूर्ण मोकळा असताना, ताशी ३० किलोमीटरच्या आत, हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हलकेच ओढला असता तीच धडधड आली तर संशय पक्का होतो. बटणाने चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकवर ही चाचणी करू नये.

ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडलमध्ये येणारी वेगवान खडखड ही एबीएसची, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, नेहमीची कामगिरी आहे. तेव्हा पाय काढू नये. कोरड्या रस्त्यावर, हलक्या ब्रेकने, गाडी थांबण्याच्या बेतात असताना तशी खडखड येत असेल तर मात्र चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याची गंजलेली दातेरी कडी तपासावी.

"बुश बदलले आणि थरथर कमी झाली, मग दोष तोच ना?"

टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश (रबरी आधार) आणि शॉक ॲब्सॉर्बर हे स्टीअरिंग व सस्पेन्शनमधले सांधे आणि आधार देणारे भाग बहुधा थरथर निर्माण करत नाहीत. दुसरीकडे निर्माण झालेली थरथर ते रोखतात. ते झिजले की आधी न जाणवणारे किरकोळ असंतुलनही हातापर्यंत पोहोचते, आणि ते बदलल्यावर थरथर कमी होते, तरी तिचा उगम जागच्या जागी असतो. झिजलेले सांधे सुरक्षिततेसाठी बदलायलाच हवेत, यात शंका नाही. पण थोडी थरथर उरली असेल तर तिचा माग चाक आणि डिस्कपर्यंत काढावा, कारण तेच झटके नव्या बुशांनाही लवकर झिजवतील.

कोणत्या थरथरीत गाडी पुढे नेऊ नये

वर सांगितलेल्या बहुतेक दोषांत गॅरेजपर्यंत सावकाश जाता येते. काहींत मात्र तसे करू नये. चाक नुकतेच बदलले असेल आणि त्यानंतर लटपट सुरू होऊन वाढत असेल, तर नट सैल असण्याची शक्यता गृहीत धरून गाडी लगेच बाजूला घ्यावी आणि ते तपासावेत. टायरच्या बाजूला फुगा दिसला, किंवा कमी वेगालाही चाक उचलल्यासारखे धडधडत असून ही धडधड दर प्रवासात वाढत असेल, तर टायरच्या आतील पोलादी तारांचे पट्टे सुटत असल्याची ती खूण असू शकते. असा टायर वेगात फुटू शकतो, म्हणून तिथेच स्टेपनी लावावी. थरथरीबरोबर स्टीअरिंग सैल वाटणे, ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला फेकली जाणे किंवा पेडल खोल जाणे यांपैकी काहीही असले, तर गाडी स्वतः चालवत न नेता टोइंग करूनच न्यावी.